ओढ्यावरचा लोकसहभाग

लोकसहभाग हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा लिहिला, की शेवटी शेवटी सही करतानाही हात त्याच वळणाने जायचा. मी प्रसिद्धी खात्यात होतो. झाडं लावा, पाणी गाळून प्या, उंदीर मारा, विषय कोणताही असो, पत्रकाच्या शेवटी ‘यासाठी लोकसहभाग आवश्यक आहे’ हे वाक्य माझं असायचं. वरिष्ठ बाकीचा मजकूर खोडायचे, पण त्या वाक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. प्रत्यक्षात लोकसहभाग कसा दिसतो हे मात्र मी निवृत्त होईपर्यंत पाहिलं नव्हतं. वाघावर पुस्तक लिहिणारा प्रत्येक जण जंगलात जातोच असं नाही.

तो पाहायचा योग सासुरवाडीला आला. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि सासूबाईंचं घर पलीकडे, एकटंच. मधला लाकडी पूल गेल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता. पाणी कमी असेल तेव्हा लोक दगडांवरून उड्या मारत जायचे. पाणी चढलं की पलीकडे फक्त सासूबाई, त्यांच्या शेळ्या आणि विहीर. माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, हे पसंत नव्हतं. गावाचा कारभार त्याच्याकडे होता. आईने घर बंद करून आपल्याकडे राहायला यावं असा त्याचा हट्ट. सासूबाईंचा हट्ट त्याहून जुना होता, कारण मेहुण्याने तो त्यांच्याकडूनच घेतला होता. शेवटी दोघांत करार झाला. पाणी चढायच्या आत पूल उभा राहिला तर सासूबाई आपल्या घरी, नाही राहिला तर मेहुणा म्हणेल तिथे.

आम्ही गेलो ते या पार्श्वभूमीवर. बायको आईजवळ पलीकडे राहिली. माझ्या गुडघ्याला दगडांवरच्या उड्या मानवत नसल्यामुळे माझी व्यवस्था अलीकडे, मेहुण्याच्या माडीवर झाली. गुडघ्याला काही झालं नसून मला नुसती भीती वाटते, असं बायकोचं मत आहे. ती डॉक्टर नाही एवढंच मी म्हणेन.

पहिल्यांदा मी सरळ मार्गाने गेलो. मोठ्या गावातल्या बांधकाम कचेरीत जाऊन, आपण निवृत्त अधिकारी आहोत हे बोलण्याच्या ओघात दोनदा सांगून, पुलाचा विषय काढला. टेबलामागच्या कारकुनाने मला काका म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, की काम कठीण आहे. त्याचं म्हणणं होतं की त्या ओढ्यावर पूल आहेच, त्यामुळे नवा मिळणार नाही. दुरुस्ती मिळेल, पण त्यासाठी मोडक्या पुलाचा फोटो हवा. मी फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला, आडवा केला, उभा केला.

“काका, यात पूल कुठंय?”

“नाही. म्हणून तर आलो.”

“पुलाशिवाय दुरुस्ती कशाची करणार?” तो म्हणाला. मी फोन परत घेतला आणि खिशात घातला.

परत आलो तो संध्याकाळी दुकानापाशी सगळं गाव जमलेलं. गावात फोनला रेंज फक्त दुकानाच्या ओट्यावर येते, त्यामुळे घराघरात फोन असले तरी ते पाहायला सगळ्यांना दुकानदाराच्याच दारात यावं लागतं. आल्यासारखं कुणी साबण घेतं, कुणी काडेपेटी. दुकानदार रेंज आपल्या वाडवडिलांनी कमावली असल्यासारखा वागतो. त्या दिवशी सगळे मिळून एका अनोळखी माणसाने जंगलात नुसत्या काठीने जमीन खणून तळघर कसं बांधलं ते पाहत होते. मला राहवलं नाही. मी तिथेच छोटंसं भाषण केलं. ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांनी कुणापुढे हात पसरू नयेत, आपण आपल्या गावाचं चित्र आपणच काढू, आपल्या अडचणी आपणच एकमेकांना दाखवू, आणि पूलही आपणच बांधू, असा त्याचा सारांश. शेवटचं वाक्य कोणतं होतं ते सांगायला नको. लोकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तळघराकडे वळले.

तरी फोनवर गावाचा गट तयार झाला. ‘आपला पूल, आपले हात’ असं नाव मीच दिलं. मेहुण्याने सगळ्या गावाला त्यात घातलं, बायकोच्या आग्रहावरून सासूबाईंनाही. त्यांच्या घरी रेंज गोठ्याच्या छपरावर येते. रोज सकाळी शिडी लावून त्या वर जातात, आलेलं सगळं वाचतात आणि खाली येऊन शेळ्या सोडतात. त्यांच्या वयाच्या बाईने शिडी चढू नये, हाही मेहुण्याचा एक मुद्दा होता.

आता पहिली फिल्म काढायची. ओढ्याच्या काठी उभं राहून मी चार शब्द बोलावेत असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. ही बातमी फुटायचा अवकाश, सल्ल्यांची रांग लागली. सुताराचं म्हणणं, सकाळचा प्रकाश बरा नाही, संध्याकाळी काढा, आणि जरा डावीकडून काढा म्हणजे मागे त्याची वखार दिसेल. दुकानदाराला उजवीकडून हवी होती. शाळेच्या मास्तरांनी माझ्या भाषणातले तीन शब्द बदलले आणि मग बदललेले शब्दही बदलले. मेहुण्याच्या बायकोने शर्ट बदलायला सांगितलं, कारण अंगातल्या शर्टाच्या बारीक रेघा फोनमध्ये हलतात म्हणे. मी सगळ्यांचं ऐकलं. सहभाग म्हटल्यावर ऐकावं लागतं, आणि ऐकल्याचा चेहरा करायची सवय मला नोकरीपासून आहे.

फोन मेहुण्याने धरला. मी बोललो ते चांगलं बोललो. मधेच वारा आला, एक म्हैस आली, मी थांबलो नाही. संपल्यावर पाहतो तर फोनचा कॅमेरा आतल्या बाजूने चालू होता. सबंध फिल्मभर मेहुण्याचं कपाळ, क्वचित एक भुवई, आणि मागून कुठूनतरी माझा आवाज. पुन्हा काढू म्हणालो, पण मेहुण्याने ती तोवर गटात टाकलीही होती. गावाला ती आवडली असावी. निदान दुकानदार तरी म्हणाला, की कपाळ ओळखीचं असल्यामुळे विषय जवळचा वाटला.

फिल्मच्या खाली मी लिहिलं: ‘जुन्या जागी आपला पूल आपणच बांधू या का? सहमत असणाऱ्यांनी अंगठा दाखवावा.’

मग मी ओट्यावर बसून राहिलो. संदेश सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा एकामागून एक उमटल्या. अंगठा मात्र एकाचाही नाही. नमस्कार नाही, फूल नाही, अगदी चुकून दाबलं गेलेलं चित्रही नाही. खात्यात असताना मी लाखांनी पत्रकं वाटली, पण ती लोकांनी वाचली नाहीत हे तेव्हा कळायची सोय नव्हती. इथे वाचून गप्प बसलेले लोक नावानिशी दिसत होते. विज्ञानाने माणसाच्या अपमानाची केवढी सोय केली आहे.

दुसऱ्या दिवशी गावातून फेरी मारली, तर लोक मला पाहून मान हलवत आणि घाईने पुढे जात. सुतार करवत खांद्यावर टाकून जवळजवळ पळालाच. दुकानात दोरखंड संपले होते. मी मनात म्हटलं, बघा, लोकांना दोरखंड घ्यायला वेळ आहे, अंगठा दाखवायला नाही.

पण हार मानली तर मी प्रसिद्धी खात्यातला कसला. लोक बोलत नसतील तर विषय त्यांच्या आवडीचा नाही, विषय बदलून पाहावा, असं आमचे एक वरिष्ठ सांगत. मी नवा प्रस्ताव टाकला, की जुन्या जागेऐवजी वरच्या वळणावर मोठ्या दगडाशी पूल घेतला तर कसा? सगळ्यांनी वाचलं. कुणी बोललं नाही. मग पुलावर उन्हासाठी छत टाकायचं का, असं विचारलं. शांतता. मधोमध बसायला बाक? शांतता. कठड्याला निळा रंग? निदान रंगावर तरी माणसं भांडतात, असा माझा आयुष्यभराचा अनुभव होता. आमच्या इमारतीत जिन्याच्या रंगावरून दोन कुटुंबांचं येणंजाणं बंद झालंय. इथे निळ्यालाही कुणी हू की चू केलं नाही.

शेवटी माझा तोल गेला. माडीवर बसून, गुडघ्याला शेक देत, मी लांबलचक संदेश लिहिला आणि ओट्यावर जाऊन पाठवून दिला. कुणालाच काही पडलेली नसेल तर पूल राहू द्या, असं त्यात होतं. उद्याच सासूबाईंना इकडे आणा, त्यांच्या घराला कुलूप लावा, म्हणजे सगळ्यांच्या मनासारखं होईल, असंही होतं. आम्ही परवा निघत आहोत, ही शेवटची ओळ. एवढं लिहिल्यावर तरी कुणीतरी ‘अहो पाहुणे, असं काय करता’ म्हणेल असं वाटलं होतं. कुणीही म्हणालं नाही. त्या रात्री मला झोप छान लागली, कारण माझं म्हणणं खरं ठरलं होतं.

सकाळी सुतार दारात उभा. त्याने अगदी अदबीने विचारलं, “पाहुणे, छताचे वासे कापून ठेवलेत. पूलच राहू द्यायचा तर त्यांचं काय करायचं?”

मी त्याच्याबरोबर ओढ्यावर गेलो आणि पाहत राहिलो. जुन्या जागी खांब रोवून, तुळया टाकून, पूल निम्म्या पाण्यापर्यंत गेला होता. वरच्या वळणावर मोठ्या दगडाशी दुसरा पूल, तोही निम्म्यापर्यंत. जुन्या जागेवर सुताराची माणसं होती आणि वळणावर मास्तरांची. लाकूड एकाच पुलाला पुरण्यासारखं होतं, ते दोघांनी प्रेमाने वाटून घेतलं होतं. दोन्हीकडचे कठडे निळे. एका अर्ध्या पुलाच्या टोकाला, जिथून पुढे नुसतं पाणी, तिथे बाक ठोकलेला होता आणि त्यावर एक म्हातारा निवांत बसला होता. काम मात्र बंद होतं. हत्यारं धुऊन ठेवली होती.

मी मेहुण्याला गाठलं. हे काय चाललंय, आणि चाललं होतं तर गटात कुणी एक अक्षर का बोललं नाही?

“दाजी, आमच्यात हरकत असेल तोच बोलतो,” मेहुणा म्हणाला.

“आणि पटलं असेल तो?”

“तो कामाला लागतो. बोलून काय करणार?”

गावच्या बैठका पिढ्यान् पिढ्या अशाच चालत आल्या आहेत, असं तो म्हणाला. कुणीतरी मांडायचं, सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं, आणि उठायचं. मग मास्तरांनी दुसरं कलम सांगितलं. जो हरकत घेईल त्याच्या गळ्यात ते काम पडतं. पुढे सगळं त्यानेच पाहायचं. त्यामुळे सहसा कुणी तोंड उघडत नाही. शाळेची घंटा दुकानावर टांगलेली आहे ती त्यामुळेच. कुणीतरी कधीतरी मांडलं, तिथून ती सगळ्यांना ऐकू जाईल. ऐकू जाते, फक्त वाजवायला मास्तरांना रोज शाळेतून दुकानापर्यंत यावं लागतं. पूल दोन होत आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. पण हरकत घेणाऱ्याच्या गळ्यात दोन्ही पूल पडले असते.

हे ऐकताना एक वेगळाच विचार माझ्या मनात आला. बायको याच गावची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती सलग दहा मिनिटं गप्प बसलेली मला आठवत नाही. मी तो विचार तिथेच सोडून दिला. काही गोष्टी सासुरवाडीत उभं राहून तपासू नयेत.

आणि तेवढ्यात मला माझा शेवटचा संदेश आठवला. तोही सगळ्यांनी वाचला होता, आणि त्यावरही कुणी बोललं नव्हतं.

“म्हणजे आईंना आणायचं ते...”

“मंजूर झालं,” मेहुणा म्हणाला. तो हसला नाही, पण खूश होता. “मी मांडलं असतं तर आई माझं तोंड पाहायची नाही. तुम्ही मांडलंत, फार बरं झालं.” मागे लोहाराच्या अंगणात एका खुर्चीला लांब दांडे बांधायचं काम सुरू होतं. ओढ्यातून सासूबाईंना बसवून आणायला.

मी संदेश काढून टाकायला ओट्याकडे धावलो. तो निघाला, त्याच्या जागी ‘हा संदेश काढून टाकला आहे’ असं आलं, ते सगळ्यांनी वाचलं, आणि मेहुण्याने शांतपणे सांगितलं, की ठराव कागदावरून पुसला म्हणून रद्द होत नाही. मग माझीच हरकत आहे, मी म्हणालो. मास्तरांनी मान हलवली. जावई गावचा नव्हे, त्याला हरकत घेता येत नाही. मग मला मांडता कसं आलं? मांडायला काय, कुणीही मांडतं, असं उत्तर मिळालं. बांधकाम कचेरीतला कारकून मला त्या क्षणी फार साधा माणूस वाटला.

एकच मार्ग उरला. गुडघा विसरून मी दगडांवरून निघालो. तिसऱ्या दगडावर ओढ्यात पडलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण माणूस कमरेएवढ्या पाण्यात बसला की ते गळ्यापर्यंत येतं. तसाच निथळत सासूबाईंच्या दारात पोचलो.

सासूबाई ओसरीवर बसून अंथरुणाच्या घड्या घालत होत्या. भांडी एका गोणीत भरलेली. शेळ्यांच्या दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवलेल्या. बायको आत जाळी काढत होती, आई साफसफाई करतेय अशा समजुतीत. सासूबाईंनी सकाळी छपरावर जाऊन संदेश वाचला होता आणि लेकीला काही सांगितलं नव्हतं.

“बसा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “टॉवेल घ्या. तुम्ही कशाला आलात? मी येणारच होते.”

मी म्हणालो, की आई, मी ते रागाने लिहिलं. माझा तसा अर्थ नव्हता.

“एवढं लांब रागाने लिहिलंत?” त्यांनी उशीचा अभ्रा काढून झटकला. “मी वाचलं आणि वाट पाहिली. म्हटलं, कुणीतरी बोलेल. सगळं गाव माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं. कुणीच बोललं नाही. म्हणजे सगळ्यांनाच वाटतं, म्हातारीने आता यावं. मग बसून काय करायचं?”

त्या काही रडत नव्हत्या. अभ्र्याची घडी नीट जमेना म्हणून तीच ती पुन्हा घालत होत्या. मला फार वाईट वाटलं. खात्यात चुकीचं पत्रक निघालं तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघतं. माणसाच्या अंथरुणाची घडी उलगडायला असलं काही निघत नाही.

बायको बाहेर आली. सगळं कळल्यावर तिने मला बरंच काही ऐकवलं. त्या सगळ्या हरकतीच होत्या, आणि पहिल्यांदाच मी त्या हरकती म्हणून ऐकल्या.

इतक्यात मेहुणा आणि चार माणसं खुर्ची घेऊन अंगणात आली. सासूबाई उठल्या. “माझी हरकत आहे,” त्या म्हणाल्या.

माणसांनी खुर्ची लगेच खाली ठेवली. त्यांना बरंच वाटलं असावं. पण मेहुणा गोठ्याकडे पाहत म्हणाला, “आई, ठराव गटात झालाय. हरकत गटात घ्यावी लागेल. इथे रेंज नाही.”

आपल्याच आईला असा नियम सांगायला काळीज लागतं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला, आपला फोन घेतला आणि शिडीकडे गेल्या. शिडी ओल्या मातीत डगमगत होती. मेहुण्यानेच पुढे होऊन ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

छपरावर बसून त्यांनी फोन समोर धरला. कॅमेरा बाहेरच्या बाजूने धरायचा की आतल्या, हे मी खालून ओरडून सांगणार होतो, पण त्यांनी बरोबर धरला होता.

“माझी हरकत आहे,” त्या म्हणाल्या. “मी इथून हलणार नाही. पूल आता माझ्याकडे आला. पूल एकच, जुन्या जागी. वळणावरचं लाकूड सोडवून तिकडे आणायचं. उद्या उजाडलं की मी फळी धरून उभी राहते.” मग जरा विचार करून, “छत असू दे, ऊन लागतं. बाकही असू दे. निळा रंग मला आवडत नाही, पण आता लावलाय.”

हे सगळं खाली उभ्या असलेल्या माणसांनी स्पष्ट ऐकलं. तरीही एकेक जण शिडी चढून वर गेला, फोनवर तेच पुन्हा पाहिलं, खाली आला, आणि मग चौघे काही न बोलता खुर्ची घेऊन गेले. शिडी शेवटपर्यंत मेहुण्याने धरून ठेवली होती. तो स्वतः वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी अलीकडच्या काठावर होतो. सासूबाई पलीकडे फळी धरून उभ्या होत्या. गटात रात्रभरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि सगळं गाव आलं होतं. मास्तरांची माणसं आपला अर्धा पूल स्वतःच्या हाताने सोडवत होती, तेही कुरकूर न करता, कारण कुरकूर म्हणजे हरकत. सासूबाई पलीकडून हाताने खुणा करत आणि अलीकडे तुळया सरकत. मला काही काम द्या म्हटलं तर सुताराने खिळ्यांचा डबा धरायला दिला. मी तो शेवटपर्यंत धरला. फिल्म कुणी काढली नाही. सगळ्यांचे हात गुंतलेले होते.

पाणी चढायच्या आत पूल झाला. त्याला छत आहे. बाक मधोमध आहे, त्यामुळे हातगाडी जात नाही, ती डोक्यावरून न्यावी लागते. कठडा निळा. आणि बाकावर रेंज इतकी चांगली येते, की दुकानाचा ओटा ओस पडला आणि दुकानदाराने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नंतर त्याने साबण आणि काडेपेट्या टोपलीत घालून पुलावरच बसायला सुरुवात केली.

पण पूल झाला म्हणून मेहुण्याचं मन झालं नव्हतं. पूल ठीक आहे, रात्री आई पडली तर? शिडीवरून घसरली तर? आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी तो पुलाच्या अलीकडच्या टोकाला कठड्याला टेकून हेच मला सांगत होता. बाकावर सासूबाई, बायको आणि मास्तर बसले होते. आजूबाजूला बरीच माणसं फोन काढून उभी होती. सासूबाईंच्या पायाशी दुकानातून घेतलेल्या सामानाची पिशवी होती. मी मेहुण्याला म्हणालो, की हे तू आईंना सांग. तो म्हणाला, सांगून ऐकेल ती आई कसली.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सासूबाईंनी गटात लिहिलं होतं. त्या आमच्यापासून वीस पावलांवर होत्या, पण गोष्ट पक्की करायची तर ती गटात करायची, हे त्यांना मेहुण्यानेच शिकवलं होतं.

‘पूल झाला. मी माझ्या घरी राहणार.’

पुलावरचं बोलणं थांबलं. सगळे फोनकडे पाहत राहिले. ज्या शांततेने मी आठवडाभर पोळलो, तीच टिकावी म्हणून आता मी श्वास धरून उभा होतो. कारण फोनच्या वरच्या कडेला अक्षरं उमटली होती: ‘मेहुणा टाइप करत आहे.’

मी वर पाहिलं. तो कठड्याला टेकून दोन्ही अंगठ्यांनी लिहीत होता. त्याने हरकत घेतली तर पुढचं सगळं त्याच्या हाती जाणार होतं, आणि मग गावात कुणीच बोलू शकलं नसतं, आईसुद्धा. तो लिहीत राहिला. थांबला. पुन्हा लिहू लागला. बरंच काही लिहिण्यासारखं असणार. बाकावरून सासूबाई त्याच्याकडे पाहत होत्या, फोनकडे नाही. बायको चक्क गप्प होती.

मग फोनवरची ती अक्षरं गेली. मी वाट पाहिली. काही आलं नाही.

मेहुण्याने फोन खिशात घातला, बाकापाशी गेला, आईच्या पायाजवळची पिशवी उचलली आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागला.